टिल्लू सरांचे बोलके झेंडू

"आता सगळ्यांनी मॉनिटर बंद करा," असं टिल्लू सरांनी सांगितलं, तेव्हा वर्गानं आज्ञाधारकपणे मॉनिटर बंद केले, कोट उचलले आणि वर्ग दाराकडे निघाला. बुधवारी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या वर्गात शिक्षकच पडदे बंद करा म्हणतो, याचा दुसरा अर्थ तरी काय घ्यायचा? सर धावत जाऊन दारात आडवे उभे राहिले. "नो नो, सिट डाउन! क्लास इज नॉट ओव्हर, क्लास इज स्टार्टिंग!" पुण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला दारात आडवं उभं राहण्याचा भरपूर सराव असतो. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आल्यापासून त्या कलेला वाव मिळाला नव्हता, तो आज मिळाला.

मुद्दा असा होता. सन दोन हजार पाच. त्या काळी कॉलेजातून वेबपेज करायला शिकवत ते असं: एक तक्ता आखायचा, त्याच्या पोटात दुसरा तक्ता, त्याच्या पोटात तिसरा, आणि अक्षरं जागेवर बसावीत म्हणून मधल्या फटींत न दिसणारी चित्रं कोंबायची. डोळ्यांना सगळं झकास दिसे. पण एखाद्या अंध माणसाच्या कॉम्प्युटरनं ते पान मोठ्यानं वाचायला घेतलं, की तो बिचारा त्या तक्त्यांतून फिरत फिरत कुठल्या कुठे जाई. सरही हेच शिकवत आणि झोकात शिकवत. मग एका शनिवारी त्यांनी वेब स्टँडर्ड्सबद्दल वाचलं. मथळ्याला मथळा म्हणा, यादीला यादी म्हणा, आणि रंगरंगोटी सगळी वेगळ्या फाइलीत ठेवा. बस्स, एवढंच. सरांनी एक पान तसं करून पाहिलं. वाचणारं सॉफ्टवेअर उतरवून त्याच्यापुढे ठेवलं, तर त्या यांत्रिक आवाजानं पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत नेलं. सरांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण भिंती रंगवत होतो आणि घराला दार ठेवायचं विसरलो होतो, असं त्यांना वाटलं.

ते तसेच स्वयंपाकघरात गेले. "वैजू, वेबपेज बोलतं गं!"

वैजयंती कुकर लावत होती. तिच्या नोकरीच्या व्हिसावर दोघं इथं आली होती, त्यामुळे घरात शेवटचा शब्द कुणाचा याबद्दल वाद नव्हता. "बोलू दे," ती म्हणाली. "तू आधी कोथिंबीर निवड."

पण हे वेड साधं नव्हतं. सर विभागप्रमुख पॅमेला व्हिटलॉकबाईंकडे गेले आणि हा विषय अभ्यासक्रमात घ्या म्हणून अर्धा तास बोलले. पॅमेलानं चहा संपवला. मग तिनं सांगितलं, की एक टर्म देते, जुलैच्या शेवटच्या तासाला मी स्वतः येऊन बघेन, एखादी खरीखुरी वेबसाइट आणि खराखुरा वापरणारा माणूस मला दिसला पाहिजे. जमलं तर सप्टेंबरपासून हा विषय कायम आणि तूही कायम. नाही जमलं तर 'वर्ड प्रोसेसिंग, नवशिक्यांसाठी' आहेच. त्या वर्गात पहिले दोन तास माउस कसा धरावा यावर जात. शिवाय इथले विद्यार्थी सरांना 'रॅग' म्हणून हाक मारत. रघुवीरचं एवढंच त्यांच्या तोंडात मावे. पंधरा वर्षं जिन्यावरून चालताना "गुड मॉर्निंग सर"चा गजर ऐकलेल्या माणसाला लोकांच्या मुठीत माउस बसवत "थँक्स, रॅग" ऐकायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. आपण खरोखर शिक्षक आहोत की नाही, याचा निकाल जुलैत लागणार होता.

पहिली अडचण कॉलेजच्या आयटी विभागानं काढली. बोलणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये चालणार नाही, कारण लॅब लायब्ररीला लागून, आणि लायब्ररीत शांतता. सर म्हणाले, हेडफोन लावू. हेडफोन विजेच्या उपकरणांत मोडतात की नाही हे ठरेपर्यंत दोन बुधवार गेले. मोडतात असं ठरलं. मग एक गृहस्थ येऊन प्रत्येक हेडफोन तपासून त्यावर हिरवा स्टिकर लावून गेले. स्टिकर लागल्यावर लक्षात आलं, की लॅबमधल्या कॉम्प्युटरांची साउंड कार्डं कधीच काढून ठेवली आहेत, कारण मागे कुणी तरी गाणी लावली होती. ती परत बसवण्याचा अर्ज कॉलेजच्या वेबसाइटवरून करायचा होता. सरांनी हौसेनं त्या अर्जाच्या पानावरच आपलं वाचणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. ते "टेबल, टेबल, टेबल" म्हणालं आणि गप्प झालं. शेवटी कागदी अर्जावर कार्डं परत बसली.

शेजारी डेरेक नावाचे निवृत्त गृहस्थ राहत. कुंपणापलीकडून त्यांचं सरांच्या प्रकल्पावर बारीक लक्ष असे. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणजे अपंगांची सोय, एवढंच त्यांनी एकदा ऐकलं आणि निदान करून टाकलं. "व्हॉट यू वॉन्ट, मेट, इज अ रॅम्प." सरांनी समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या पडद्याला रॅम्प लागत नाही. डेरेकनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी कौन्सिलचं रॅम्पवरचं माहितीपत्रक दारातून आत टाकलं.

खरीखुरी वेबसाइट मात्र घरबसल्या मिळाली. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची. ती साइट म्हणजे एक प्रकरण होतं. उघडल्याबरोबर आरती सुरू व्हायची आणि ती बंद कशी करायची हे साइट करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. समई लुकलुकायची. 'सुस्वागतम्' उजवीकडून डावीकडे धावत जायचं आणि वाचेपर्यंत पसार व्हायचं. चारही बाजूंनी झेंडूचं तोरण होतं, आणि त्यातलं एकेक फूल वेगळं चित्र म्हणून चिकटवलेलं. मंडळाचे अध्यक्ष श्रीनिवास भागवत यांना त्या साइटचा अभिमान होता. "हात लावा, पण तोरण काढायचं नाही," या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

वर्ग कामाला लागला आणि, कौतुक सांगायचं तर, पेटला. मॉनिटर बंद करून नुसत्या आवाजावर पान वापरायला सांगितल्यावर आधी सगळे हसले, मग चिडले, मग हट्टाला पेटले. मे संपेपर्यंत तक्ते गेले. जूनमध्ये मथळे मथळ्यांसारखे वागू लागले. आरती, समई आणि धावतं सुस्वागतम् यांना निरोप दिला. सर त्या लॅबमध्ये उभे राहून हेडफोनांतून झिरपणारे यांत्रिक आवाज ऐकत, आणि देवळात आल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

उरला खराखुरा माणूस. तो स्वरालीनं आणला. स्वराली वर्गातली सगळ्यात तरतरीत मुलगी, जन्म इथलाच, मराठी कानावर पडून आलेली. "सर, माझा आत्याआजी आहे ना, हाउन्सलोला, ती ब्लाइंड आहे, अ‍ॅक्चुअली. तो कॉम्प्युटर इतकं फास्ट ऐकते ना, लाइक, सुपरफास्ट. बोलवू तिला?"

या आत्याआजी म्हणजे लीलावती सबनीस, अर्थात लीलाताई. साठच्या दशकात इथं आल्या, तीस वर्षं इंग्रज पोरांना गणित शिकवलं, आणि दहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. आवाज मात्र वर्गातलाच राहिला होता. दरवर्षी त्या मंडळाच्या गणपतीला येत. त्यांच्या नावाची नोंदणी परस्पर कुणी तरी करे, त्यांना हात धरून पहिल्या पंगतीत बसवलं जाई, जेवू घातलं जाई, आणि हात धरून गाडीत बसवलं जाई. सरांचा फोन गेल्यावर त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे यंदा माझं नाव मी स्वतः नोंदवू शकेन?" "नक्की, ताई," सर म्हणाले. "मग येते," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग रविवार आला. शेवटच्या तासाआधीचा रविवार. तयारी बघायला म्हणून श्रीनिवासराव आणि मंडळाच्या चिटणीस अर्चनाताई सरांकडे पोह्यांना आले. सरांनी उत्साहात दाखवलं, की प्रत्येक चित्रामागे आपण शब्द ठेवतो, म्हणजे चित्र दिसत नसेल त्याला ते ऐकू येतं.

श्रीनिवासराव पडद्यात डोकावले. "हे काय? 'गणपतीचा फोटो'? नुसताच? अहो टिल्लू, ताईंना बाप्पा असा कोरडा दाखवणार?"

बाप्पाच्या वर्णनात शेला आला, मुकुट आला, पुढ्यातले मोदक आले. अर्चनाताईंनी मोदकांच्या कळ्या किती सुबक आहेत तेही घातलं, कारण मोदक त्यांनी केले होते. कार्यकारिणीच्या फोटोत प्रत्येकाचं नाव पदासकट आलं. आणि शेवटी प्रश्न निघाला तोरणाचा.

"फुलांना काही लिहायचं नसतं," सर जरा चाचरत म्हणाले. "शोभेची चित्रं रिकामी सोडायची असतात. नियम आहे तसा. मीच शिकवलाय."

"रिकामी?" अर्चनाताईंचा घास हातातच राहिला. "आपल्याला फुलं आणि त्यांना काहीच नाही? पंक्तिप्रपंच झाला हा, सर."

हा शब्द सरांच्या वर्मी लागला. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसतं वरण, याहून मोठं पाप मराठी माणसाला ठाऊक नाही. जे डोळसाच्या पानात तेच अंधाच्या पानात पडलं पाहिजे, याचसाठी तर हा सगळा खटाटोप! नियम बनवणाऱ्यांनी पंगत बघितली नव्हती, त्यांचं काय सांगता? सरांनी बाह्या सरसावल्या. दुपारभरात तोरणातल्या प्रत्येक झेंडूला शब्द मिळाला, तोही इंग्रजी, कारण त्या यंत्राला मराठी वाचता येत नव्हतं. तोच तोच शब्द देणं बरं दिसेना, म्हणून कुणी केशरी, कुणी पिवळा, कुणी ताजा, कुणी दवबिंदूंसह.

वैजयंती पोह्यांच्या बशा उचलायला आली, तिनं थोडा वेळ ऐकलं. "रघू, एवढी फुलं ऐकायची?"

"यालाच आग्रह म्हणतात," सर म्हणाले.

बुधवारी वैजयंतीनं लीलाताईंना स्टेशनवरून आणलं. पॅमेला वही न घेता पहिल्या रांगेत बसली. श्रीनिवासराव आणि अर्चनाताई इस्त्रीच्या कपड्यांत मागे. ताई कॉम्प्युटरपुढे बसल्या, त्यांनी बोटांनी कीबोर्ड चाचपला आणि म्हणाल्या, "आधी जरा हात मोकळा करते." त्यांनी एका वर्तमानपत्राची साइट उघडली. त्या दिवसापुरत्या लावलेल्या स्पीकरमधून आवाज आला तो तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा. त्यात शब्द आहेत असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"ओह डिअर, इज इट ब्रोकन?" पॅमेला पुढे वाकली.

"नो, डिअर. दॅट वॉज द फ्रंट पेज." आणि ताईंनी पहिल्या पानावर काय काय आहे ते सांगितलं. सरकार कशावरून अडचणीत आहे, क्रिकेटमध्ये कोण बाद झालं, आणि क्रॉयडनची ट्राम का बंद आहे. वर्ग माना उंच करून बघायला लागला. सर तर पार थक्क झाले. आपण इतके महिने अंध माणसाला कनवाळूपणे हात देऊ म्हणत होतो, आणि इथे ही बाई आपल्याला धापा टाकायला लावेल अशा वेगानं पुढे धावते आहे! शिक्षकाला असं लहान होण्यात जो आनंद असतो, तो सरांना फार दिवसांनी झाला.

"आता तुमची साइट," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना कळावं म्हणून आवाज सावकाश करते." आणि तिथंच घात झाला.

"ग्राफिक. मॅरीगोल्ड, ऑरेंज, फ्रेश," आवाज म्हणाला. "ग्राफिक. मॅरीगोल्ड, यलो, विथ ड्यूड्रॉप्स. ग्राफिक. मॅरीगोल्ड, ऑरेंज, स्लाइटली टिल्टेड."

पहिल्या चार फुलांना श्रीनिवासराव कौतुकानं मान डोलवत होते. दहाव्या फुलाला मान थांबली. तोरणाची वरची बाजू संपून डावी सुरू झाली, तेव्हा मागच्या बाकावर कुणाला तरी हसू आवरेना. पॅमेलानं घड्याळाकडे बघितलं नाही, पण न बघण्यासाठी तिला पडलेले कष्ट सरांना दिसले. मथळा दूरच, मंडळाचं नावही अजून आलं नव्हतं. सरांच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. डोळ्यांपुढे माउस दिसायला लागले.

ताईंनी आवाज बंद केला. सरांकडे वळून मराठीत, म्हणजे पॅमेलाला कळू नये अशा बेतानं, त्या म्हणाल्या, "सर, जेवायला बोलावलंत की फुलं मोजायला?"

"पंक्तिप्रपंच नको म्हणून, ताई," सर म्हणाले. "आम्हाला दिसतं ते सगळं तुम्हालाही मिळावं म्हणून."

"असं होय." ताईंनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "मला एक सांगा. तुम्ही हे पान रोज उघडता. खरं सांगा हं, त्या फुलांकडे बघता?"

सर विचारात पडले. ताईंचा आवाज असा वर्गातला नसता तर ते हो म्हणाले असते. "नाही," ते म्हणाले.

"नजर पुढे जाते ना? मग मला प्रत्येक फुलापुढे का उभं करता? मला सगळं नकोय हो. न बघता पुढे जायची तुमची जी सोय आहे, ती द्या."

सरांनी फळ्याकडे बघितलं. रिकामं सोडायचा तो नियम त्यांनी फळ्यावर लिहिला होता, वर्गाकडून पाठ करून घेतला होता, परीक्षेत विचारला होता. आणि त्याचा अर्थ त्यांना आज, या मिनिटाला कळत होता. आग्रह करकरून आपण या बाईंच्या पानावर असे ओणवे झालो होतो, की त्यांना घास उचलायला जागा राहिली नव्हती. गप्प राहणं हेसुद्धा वाढणंच आहे, हे त्या नियमात केव्हाचं लिहिलेलं होतं! लिहिणारा कोण असेल तो असो, सरांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"सर, फुलं स्टाइलशीटमध्ये टाकू?" स्वरालीचे हात कीबोर्डवर तयारच होते. "एकच लाइन आहे."

"टाक," सर म्हणाले. मग त्यांना आठवलं की आपण शिकवायला उभे आहोत. ते वर्गाकडे वळले आणि सगळं इंग्रजीत कबूल केलं: चूक माझी आहे, मी शब्दांचा ढीग घातला, आता ही फुलं आपण लिखाणातून काढून सजावटीच्या फाइलीत नेत आहोत. वर्ग पुढे सरकला. एक जण बटणाचं नाव सांगतो आहे, दुसरी स्वल्पविराम राहिला म्हणून ओरडते आहे, अशी धांदल उडाली. स्वरालीनं फाइल वर चढवली. "डन."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. तोरण होतं तिथंच होतं. एक पाकळीसुद्धा हलली नव्हती.

"सो, व्हेन डझ इट हॅपन?" पॅमेलानं विचारलं.

"इट हॅज हॅपन्ड," सर म्हणाले. "प्लीज, क्लोज युअर आइज."

पॅमेलानं डोळे मिटले. तिचं बघून वर्गानं मिटले. श्रीनिवासरावांनी मिटले आणि सवयीनं हातही जोडले. ताईंनी कळ दाबली. पहिलाच शब्द आला तो मंडळाच्या नावाचा. मग गणेशोत्सव. मग बाप्पा, शेला आणि मोदकांसह, कारण ते ऐकण्यासारखे होते. मग सहभोजन, रविवार, आणि नाव नोंदवा. न दिसणाऱ्या पानात एकेक दार उघडत गेलं. सरांनी तेवढे डोळे उघडे ठेवले होते, आणि मिटल्या डोळ्यांचा आपला वर्ग बघून त्यांचे डोळे भरून आले.

ताईंनी नाव लिहिलं. लीलावती सबनीस, सगळी अक्षरं स्वतःच्या बोटांनी. जेवणार, हो. गोड चालेल, हो. मग आवाजानं पुढचा प्रश्न वाचला: वाढायला मदत कराल का?

ताईंची बोटं थांबली. "हे यात असतं?"

"ताई, ते सोडा, ते तुमच्यासाठी नाही," श्रीनिवासराव मागून घाईनं म्हणाले. "ते आपलं तरुण मंडळींसाठी. दरवर्षी असतं."

"दरवर्षी," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दहा वर्षं तुम्ही माझं नाव घालता, श्रीनिवास. हा प्रश्न कधी कुणी वाचून नाही दाखवलात."

श्रीनिवासरावांनी जोडलेले हात खाली घेतले. अर्चनाताई पदराशी चाळा करत राहिल्या. ताईंनी एक कळ दाबली. "चेक्ड," आवाज म्हणाला.

जाताना पॅमेलानं सरांचा हात हातात घेतला. "सप्टेंबर, देन," ती म्हणाली, आणि दोन पावलं जाऊन परत वळली. "आणि कॉलेजची वेबसाइट कधी बघशील?"

सप्टेंबरात एका शाळेच्या हॉलमध्ये गणपतीची पंगत बसली. सर, वैजयंती आणि, रॅम्प आहे का ते बघायला आलेले डेरेक, ओळीनं मांडी घालून बसले होते. कुणाचाही हात न धरता लीलाताई ओळीतून आल्या. डाव्या हातात मिठाची वाटी, त्याच हाताच्या करंगळीनं त्या एकेका ताटाची कड शोधत, उजव्या हातानं मीठ वाढत, आणि पुढे सरकत. सगळ्या हॉलचा जीव वाटीत अडकला होता. सरांच्या ओठांवर "ताई, जरा डावीकडे" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

ताई पुढे गेल्यावर सरांनी खाली बघितलं. मीठ ताटात वर, बरोबर मध्यावर पडलं होतं.